तपासणी आणि तिच्याकडे न फिरकणारा समाज : एक ऐतिहासिक विचार

१

रोगाची लक्षणे दिसू लागण्यापूर्वीच निरोगी वाटणाऱ्या माणसांची तपासणी करावी आणि रोग अंकुरावस्थेत असतानाच त्याचे निर्मूलन करावे, ही आधुनिक वैद्यकातील एक थोर कल्पना होय. तिच्यामागील तर्क इतका सरळ आहे की, अशी तपासणी घराजवळ आणि विनामूल्य उपलब्ध असतानाही अनेक माणसे तिच्याकडे फिरकत नाहीत, याचे वैद्यकीय व्यवसायातील मंडळींना नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे. या आश्चर्यातून जे उत्तर सहजपणे निघते ते एकाच शब्दाचे असते : अज्ञान. प्रस्तुत निबंधात या उत्तराची इतिहासाच्या आधारे परीक्षा करावयाची आहे.

प्रश्न किती मोठा आहे हे एका आकड्यावरून ध्यानी येईल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधी काळी तपासणी झालेली आढळली. स्तनांच्या कर्करोगासाठी हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. या दोन्ही रोगांची, तसेच मुखाच्या कर्करोगाची, तीस वर्षांवरील लोकांमध्ये नियमित तपासणी व्हावी अशी मार्गदर्शक योजना केंद्र शासनाने २०१६ मध्येच आखली होती.

तथापि या आकड्याचा अर्थ लावताना एक भेद प्रथमच करणे अवश्य आहे. तपासणी न झालेल्या स्त्रीला बोलावणे गेले होते काय, हे हा आकडा सांगत नाही. ज्याला आमंत्रणच नाही त्याला गैरहजर म्हणता येत नाही. न बोलावलेले आणि बोलावूनही न आलेले असे दोन भिन्न वर्ग येथे एकत्र झाले आहेत, आणि दोघांवर एकच ‘अज्ञान’ लादले जाते. दुसऱ्या वर्गाचा विचार करतानाही असा प्रश्न विचारला पाहिजे की, तपासणीत काही आढळल्यास पुढे काय होते, याचा त्या माणसांना पूर्वी कोणता अनुभव आला होता? या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागले असता महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पुष्कळ बोलका ठरतो.

२

निरोगी दिसणाऱ्या शरीराची सरकारी आज्ञेने तपासणी करण्याचा प्रकार या प्रांतात प्रथम आला तो उपचाराच्या रूपाने नव्हे, तर बंदोबस्ताच्या रूपाने. हिंदुस्थान सरकारने १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांविषयीचा कायदा केला. मुंबईत तो १८७० मध्ये अंमलात आला. या कायद्यान्वये वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी व ठरावीक काळाने शारीरिक तपासणी सक्तीची झाली; रोग आढळल्यास त्यांना विशेष रुग्णालयात अडकवून ठेवण्यात येई. लष्करातील गोऱ्या शिपायांचे आरोग्य हा त्यामागील प्रमुख हेतू होता. साहजिकच नोंदणी टाळणे, मोहल्ला सोडून जाणे, हे मार्ग अनेकींनी पत्करले. १८८८ मध्ये हा कायदा रद्द झाला. परंतु स्त्रीच्या गुप्तांगाची तपासणी ही प्रतिष्ठित स्त्रीच्या वाट्यास येणारी गोष्ट नव्हे, हा समज त्याने दृढ केला असल्यास नवल नाही.

याहून व्यापक अनुभव प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी ग्रंथिक सन्निपाताचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा मंजूर झाला आणि त्याने अधिकाऱ्यांना घरझडती, विलगीकरण, सामानाचा नाश व प्रवाशांची तपासणी यांचे विस्तृत अधिकार दिले. रेल्वे स्थानकांवर उतारूंच्या काखेत व जांघेत गाठ आहे काय, हे पाहिले जाऊ लागले. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखालील विशेष समितीने मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांकरवी घरोघर शोध चालविला. या काळातील वर्तनावर ‘केसरी’तून कठोर टीका झाली, स्त्री-रुग्णांच्या व्यवस्थेविषयी पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून तक्रार केली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि ३ जुलै रोजी तो मरण पावला. हा राजकीय इतिहास सर्वश्रुत आहे. येथे त्यातील निराळे अंग पाहावयाचे आहे.

प्लेगच्या तपासणीतून तपासल्या जाणाऱ्या माणसाला कोणता लाभ होता? त्या काळी प्लेगवर गुणकारी असा कोणताही उपचार उपलब्ध नव्हता. गाठ सापडली तर रोगी रुग्णालयात, घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत आणि अंथरुणे-वस्त्रे आगीत, एवढाच क्रम निश्चित असे. रुग्णालयात गेलेल्यांपैकी पुष्कळजण परत येत नसत. म्हणजे तपासणीने शहराचे, व्यापाराचे आणि बंदराचे हित साधले असेल; तपासल्या गेलेल्या कुटुंबाच्या पदरी केवळ ताटातूट पडे. अशा स्थितीत आजाऱ्याला माळ्यावर लपविणारी, पहाटे गाव सोडणारी किंवा मृत्यूची वार्ता दडविणारी माणसे अडाणी होती असे म्हणण्यापेक्षा, त्यांनी समोरच्या व्यवहाराचा हिशेब अचूक मांडला होता असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

या हिशेबात भ्रामक गोष्टी नव्हत्या असे मात्र नाही. रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या देहातून ‘मोमियाई’ काढतात, अशी अफवा मुंबईत पसरली होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये एका आजारी मुलीच्या तपासणीवरून शहरात दंगल उसळली. परंतु अफवा ही नेहमीच कोऱ्या मनावर उमटत नाही. जेथून माणूस परत येत नाही आणि जेथे आप्तांना जाता येत नाही, त्या जागेविषयीच ती उठते.

उलट बाजूचा पुरावाही याच काळातील आहे. लोकांचा रोष औषधोपचारावर होता असे दिसत नाही. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग-रुग्णालय निघाले. सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्यातच रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे ही लस हजारो लोकांनी स्वेच्छेने घेतली. स्वतः सरकारनेही १८९८ नंतर घरझडतीची व सक्तीच्या विलगीकरणाची तीव्रता कमी करून स्थानिक पुढाऱ्यांच्या सहकार्यावर भर दिला. सक्तीने रोगी सापडत नाहीत, ते अधिक खोल दडतात, हा धडा राज्यकर्त्यांना जड किंमत देऊन शिकावा लागला.

३

स्वखुशीच्या तपासणीचा प्रश्न शास्त्रीय संशोधनाचा विषय झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यास, आणि त्याचे निमित्त क्षयरोग हे होते. अमेरिकेत छातीची क्ष-किरण तपासणी करणाऱ्या फिरत्या गाड्या वस्त्यांच्या दाराशी उभ्या राहत. शुल्क नसे. तरीही अपेक्षेइतके लोक येत नसत. तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञ गॉडफ्रे हॉकबॉम यांनी या विषयाचा अभ्यास करून १९५८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपणांस हा रोग होऊ शकतो आणि तो लवकर कळल्याने आपला लाभ आहे, या दोन्ही गोष्टींवर विश्वास असलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांनी क्ष-किरण तपासणी करून घेतली होती. दोहोंपैकी एकीवरही विश्वास नसलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. रोगाची भीती पुरेशी नाही, निदानानंतर काही बरे घडेल अशी खात्रीही हवी, हा या अभ्यासाचा मथितार्थ होय.

त्याच सुमारास भारतात झालेल्या एका अभ्यासाने या प्रश्नाची दुसरी बाजू उजेडात आणली. बंगळूर येथील राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील क्षयरोग्यांची पाहणी केली व १९६३ मध्ये ती प्रसिद्ध केली. ग्रामीण माणूस आपल्या खोकल्याकडे दुर्लक्ष करतो, हा तत्कालीन गृहीत समज होता. पाहणीत आढळले ते याच्या विरुद्ध. बहुतेक सर्व रोग्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती, सुमारे तीनचतुर्थांश लोकांना त्यांची काळजी लागून राहिली होती आणि निम्म्याहून अधिक लोक कोणत्या ना कोणत्या सरकारी दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांच्या थुंकीची तपासणी झाली नव्हती. खोकल्याचे औषध देऊन त्यांची बोळवण झाली होती. म्हणजे माणसे तपासणीकडे गेली नव्हती असे नसून, तपासणी त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने रोगी शोधण्याचे काम फिरत्या गाड्यांवर न सोपविता सर्वसाधारण दवाखान्यांकडे दिले, त्यामागे या संस्थेतील संशोधनाचा मोठा वाटा होता.

४

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘शिबिर’ अथवा ‘कँप’ हा शब्द रूढ झाला तो मुख्यतः कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांमुळे. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. उद्दिष्टे ठरवून दिलेली होती आणि ती गाठण्याची जबाबदारी शिक्षक-तलाठ्यांपर्यंत पोहोचली होती. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीची तरतूद करणारे विधेयकही मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. तथापि आरोग्यसेवकाचे दाराशी येणे आणि त्याचा ‘आकडा पूर्ण होणे’ यांचा जो संबंध लोकांच्या मनात जडला, तो एका निवडणुकीने पुसला जाण्यासारखा नव्हता. बोलावणारा आपल्या हितासाठी आला आहे की त्याच्या उद्दिष्टासाठी, ही शंका तेव्हापासून प्रत्येक शिबिराच्या मंडपात बसलेली आहे.

अलीकडचे एक उदाहरण अधिक वेदनादायक आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण विलक्षण असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पोटाच्या अथवा पाळीच्या तक्रारीसाठी दवाखान्यात गेलेल्या स्त्रीला कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रियेचा सल्ला दिला गेल्याच्या तक्रारी या प्रकरणात पुढे आल्या. कारखान्याचा हंगाम, मुकादमाची उचल आणि एक दिवस बुडाला तर भरावा लागणारा खाडा, यांच्या कात्रीत सापडलेल्या स्त्रीला वारंवार उपचार घेण्यापेक्षा एकदाच ‘पिशवी काढणे’ परवडते, हेही त्यामागील कटू सत्य आहे. अशा गावात गर्भाशयमुखाच्या तपासणीचे बोलावणे गेल्यास ते कोणत्या अर्थाने ऐकले जाईल, हे निराळे सांगावयास नको.

५

या अनुभवांचे प्रतिबिंब भाषेत पडले आहे. मराठीत आरोग्याच्या परीक्षेसाठी ‘तपासणी’ हा शब्द रूढ आहे. त्याचा सख्खा भाऊ ‘तपास’ हा मात्र मुख्यतः पोलिसांच्या चौकीत राहतो. तपास होतो तो गुन्ह्याचा, हरवलेल्या वस्तूचा, संशयिताचा. यामुळे तपासणीस सामोरे जाणे म्हणजे संशयाच्या स्थानी उभे राहणे, अशी एक अस्पष्ट छटा या शब्दाला आहे.

‘निघणे’ या क्रियापदाचा उपयोग याहून सूचक आहे. रोग ‘होतो’ तो आपोआप. पण तपासणीत तो ‘निघतो’. साखर निघाली, छातीवर डाग निघाला, गाठ निघाली, अशी वाक्ये घराघरांतून ऐकू येतात. या प्रयोगात तपासणीपूर्वी रोग जणू अस्तित्वातच नसतो. ती करणारा त्यास बाहेर आणतो. मग ‘नसते काही निघावयाचे’ ही धास्ती ओघानेच येते, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण तिच्या मदतीस धावते. घरात लग्नाची मुलगी असेल तर आईच्या रोगाचा बोभाटा नको, हा विचार त्या झाकल्या मुठीत असतो.

तिसरा प्रयोग ‘अंगावर काढणे’ हा. ताप अंगावर काढला, दुखणे अंगावर काढले, असे आपण म्हणतो. यात दुर्लक्ष नाही. सोसण्याचे कष्ट आहेत आणि थोडासा अभिमानही आहे. घरातील इतरांचा पैसा व वेळ वाचविण्यासाठी स्त्रीने केलेली ती एक प्रकारची काटकसर असते. ज्या भाषेत दुखत असतानाही दुखणे अंगावर काढणे हा कर्तबगारीचा भाग समजला जातो, त्या भाषेत काहीही दुखत नसताना दवाखान्यात जाण्याचे समर्थन कोणत्या शब्दांत करावयाचे, ही खरी अडचण आहे. भाषा हे येथे कारण नव्हे. ती साक्षीदार आहे. ज्या व्यवहाराने हे शब्द घडविले तो बदलला तर शब्दांचे अर्थही बदलतात.

६

व्यवहार बदलला तर माणसे येतात, याचा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्रातच मिळतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणीस आरंभ झाला. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. ग्रामीण भागात मृत्यूची व रोगाची कागदोपत्री नोंद विश्वसनीय नसल्याने, नोंदणीच्या सेवकांनी गावोगाव स्वतः जाऊन रोगी शोधण्याची पद्धत स्वीकारली. त्याबरोबरच ते रोगाच्या लक्षणांविषयी बोलत, आणि संशयित रुग्णाला रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास साहाय्य करीत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा अलीकडच्या अवस्थेत येऊ लागल्याचे दिसून आले.

या पायावर पुढे तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा प्रयोग झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. तपासणीचे बोलावणे गेलेल्या सुमारे एक लाख स्त्रियांपैकी ७८.८ टक्के स्त्रिया आल्या. याच स्त्रिया, याच वाड्यावस्त्या, याच चालीरीती. त्यांच्या ‘अज्ञाना’त एका वर्षात क्रांती झाली होती असे नव्हे. घरी जाऊन व्यक्तिशः बोलावणे, गावातील प्रतिष्ठितांना विश्वासात घेणे, स्त्री-कार्यकर्त्यांनी तपासणीचे स्वरूप आधी समजावून सांगणे आणि दोष आढळल्यास उपचाराची सोय हाताशी असणे, एवढाच फरक होता. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून झालेल्या प्रयोगातही, प्रशिक्षित स्त्री-कार्यकर्त्यांनी सौम्य ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या साध्या तपासणीस सुमारे ८९ टक्के प्रतिसाद लाभला आणि त्या रोगाने होणाऱ्या मृत्यूंत ३१ टक्के घट झाल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

धाराशिवच्या प्रयोगाचे फलित २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूच्या चाचणीने तपासल्या जाणाऱ्या गटात ३४ स्त्रिया या रोगाने दगावल्या. जवळपास तेवढ्याच संख्येच्या, तपासणीचे बोलावणे न गेलेल्या गटात ६४. अन्य दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही, ही गोष्टही तेवढ्याच स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. कारण प्रत्येक तपासणी सारखीच तारक असते असे नाही, आणि लोकांची साशंकता सर्वस्वी निराधार नसते. तुलनेसाठी एक गट तपासणीविना ठेवण्याच्या या पद्धतीवर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. त्या वादाचा निर्णय काहीही असो, एक गोष्ट त्यातून उघड होते. त्या गटातील स्त्रियांना रोगाची माहिती व तपासणी कोठे मिळू शकते याची कल्पना देण्यात आली होती. माहिती होती, बोलावणे नव्हते. माहिती म्हणजेच उपाय, असे मानणाऱ्यांनी ३४ आणि ६४ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आता राहिला तो बोलावूनही न आलेला पाचवा हिस्सा. या प्रयोगाच्या विश्लेषणात आलेल्या स्त्रिया तुलनेने तरुण, अधिक शिकलेल्या, विवाहित आणि संततिनियमनाची साधने कधी ना कधी वापरलेल्या असल्याचे आढळले. याचा उलट अर्थ असा की, वयस्क, निरक्षर आणि पतीविना राहणाऱ्या स्त्रिया अधिक प्रमाणात मागे राहिल्या. ज्यांचा दवाखान्याशी पूर्वी काही बरा संबंध आला होता त्या आल्या. ज्यांचा आलाच नव्हता, आणि ज्यांना सोबत नेणारे व घरी थांबणारे कोणी नव्हते, त्या आल्या नाहीत. विधवा शेतमजूर स्त्रीला तपासणीत रोग ‘निघाला’ तर पुढे तिच्याबरोबर बार्शीस कोण जाणार, तितके दिवस मजुरी कोण देणार, हा प्रश्न तिच्या दृष्टीने रोगाइतकाच खरा असतो.

७

येथवरच्या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. तपासणीस न येणे हा बहुधा तपासणीविषयीचा निर्णय नसतो. तपासणीनंतर आपल्या वाट्यास काय येईल, याविषयीचा तो निर्णय असतो. १८९७ मध्ये त्यानंतर छावणी होती, १९७६ मध्ये उद्दिष्टाचा आकडा होता, तुमकूरच्या दवाखान्यात खोकल्याच्या औषधाची बाटली होती. धाराशिवच्या गावांत त्यानंतर उपचार होता, आणि पाचांपैकी चार स्त्रिया आल्या.

यावरून लोकशिक्षण व्यर्थ आहे असे कोणी म्हणू नये. परंतु शिक्षणाचा प्रवाह एकाच दिशेने वाहून चालणार नाही. जी संस्था लोकांना रोगाविषयी शिकवू इच्छिते, तिने लोकांच्या अनुपस्थितीपासूनही शिकले पाहिजे. रिकाम्या राहिलेल्या मंडपात जी माणसे नाहीत, त्यांच्या नावांची यादी करून त्यांना अडाणी ठरविणे सोपे आहे. त्या यादीतील प्रत्येक नावापुढे ‘आढळल्यास पुढील सोय’ असा एक रकाना आखून तो प्रामाणिकपणे भरणे, हे काम अवघड आहे. तो रकाना जेथे भरला गेला तेथे मंडप रिकामा राहिला नाही, एवढे या प्रांताच्या इतिहासाने निश्चितपणे सिद्ध केले आहे.